खेकडा संवर्धनाचे क्रियाशील सभासद

अंथुर्ण्याच्या हिंदुरावांना आयुष्यात एकदा तरी चेअरमन व्हायचं होतं. कारखान्याला ते पडले, दूध संस्थेला पडले, सोसायटीला तर भावकीनंच पाडलं. गावात दर चौथ्या माणसाला कुणी ना कुणी चेअरमन म्हणून हाक मारायचं आणि हिंदुरावांना मात्र नुसतं हिंदुराव. साठी उलटली तरी हे दुखणं काही जाईना.

अशात सरकारची योजना आली. खेकडा आणि शेवंड यांची मासेमारी शाश्वत करायची, त्यासाठी गावोगाव सहकारी संस्था काढायच्या. योजना होती समुद्राकाठची, पण वरून निघालेला कागद मधे कोण अडवतो? तो घाट चढून थेट इंदापूर तालुक्यात आला. शेवंड, म्हणजे समुद्रातली ती हातभर झिंग्यासारखी, गावात कुणी बघितलेलीसुद्धा नव्हती. ओढ्याला काळे खेकडे तेवढे होते. घरात कुणाला सर्दी झाली की हिंदुरावांच्या मंडळी प्रयागबाई दोन-चार धरून आणायच्या आणि झणझणीत कालवण करायच्या. गावाची सगळी खेकडेमारी ती एवढीच. तरी संस्था निघाली. हिंदुराव मुख्य प्रवर्तक झाले आणि पहिल्याच बैठकीत ठराव झाला की, शेवंडीचं संवर्धन शंभर टक्के पूर्ण झालेलं आहे, कारण गावात आजवर एकही पकडली गेलेली नाही. टाळ्या पडल्या.

संस्थेला पोटनियम लागतात. सचिव नागेशनं उगाच डोकं शिणवण्यापेक्षा एका साखर कारखान्याचे पोटनियम घेतले आणि ऊस होता तिथं खेकडा, टन होतं तिथं नग करून टाकलं. त्यामुळं दप्तरी उसासारखाच आडसाली खेकडा आला, खोडवा खेकडा आला, खेकडातोडणीचा कार्यक्रमही आला. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी मसुदा अभ्यासपूर्ण असल्याचा शेरा मारला. एक नियम मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. जो सभासद हंगामात वीस नग खेकडे संस्थेला घालणार नाही, तो क्रियाशील राहणार नाही. त्याला मत नाही, उमेदवारी तर नाहीच नाही.

निवडणूक लागली आणि हिंदुरावांचा सख्खा पुतण्या रणजित यानं समोर पॅनेल उभं केलं. मग काय विचारता! दोन्हीकडून घरटी सभासद झाले, आणि सभासद झाले म्हणजे खेकडे घालणं आलं. ज्यांनी जन्मात खेकडा हातात धरला नव्हता ते बादल्या घेऊन ओढ्यात उतरले. मास्तर उतरले, कंपाउंडर उतरला, माळकरीसुद्धा उतरले. आमी खाणार न्हाय, नुसता घालणार हाय, असं ते देवाला आधीच सांगून आले होते. जमा झालेला खेकडा संवर्धनासाठी सिमेंटच्या टाकीत जायचा आणि टाकीतला प्रचाराच्या जेवणावळीत. जेवता जेवता दोन्ही पॅनेलची खेकडा वाचवण्यावर कळकळीची भाषणं व्हायची.

हिंदुरावांची भाषणं सगळ्यात कळकळीची. त्या नादात त्यांचे स्वतःचेच खेकडे पुरे घालायचे राहिले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मोजले तर एकोणीस भरले. एक कमी! नवरा-बायको सकाळपासून ओढ्याचा दगड न् दगड उलथत होते, पण ओढ्यात नुसतं पाणी. दिवस कलायला लागला तेव्हा एका कपारीत प्रयागबाईंना एक खेकडी मिळाली. त्यांनी ती उलटी करून बघितली आणि पदराआड धरली.

"अवो, लेकुरवाळी हाय ही. पोटाखाली पिल्लं चिकटल्यात. हिला सोडायची."

हिंदुरावांना खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"सोडली असती गं," ते म्हणाले. "पर आज हिला सोडली तर उद्या खेकडं राखाया चेअरमन कोण? रणजित? त्याला खेकड्याची माया हाय का?"

"आन् राखायला खेकडा कुठं उरलाय?"

"ते निवडून आल्यावर बघू," असं म्हणून हिंदुरावांनी खेकडी घेतली आणि संस्थेची वाट धरली.

नागेश नियमाला पक्का. त्यानं खेकडीच्या पोटाची झडप उघडली आणि पिल्लंही एकेक करून मोजायला घेतली. पोटनियमात नग लिहिलंय, वय लिहिलेलं नाही, असं त्यानं रणजितच्या माणसांना बजावलं. मोजणी संपली तेव्हा हिंदुराव नुसते क्रियाशीलच राहिले नाहीत, तर हंगामातले सर्वाधिक खेकडे घालणारे सभासद ठरले. त्या जोरावर निवडूनही आले. गुलाल उधळला, हलगी वाजली. घरी प्रयागबाईंनी ताट वाढलं, "घ्या चेअरमन, जेवा," एवढंच म्हणाल्या आणि पुढं आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

वरच्या कचेरीनं आकडे तपासले. आदल्या वर्षी अंथुर्ण्यात जमा खेकडे शून्य आणि यंदा काही हजार, म्हणजे खेकडा प्रचंड वाढला, असा अहवाल गेला. संस्थेला आदर्श संस्थेचं मानपत्र मिळालं आणि योजना सगळीकडं राबवायचं ठरलं.

आता ती तुमच्याही गावी येते आहे. तुमच्या ओढ्यात काय शिल्लक आहे ते बघायला अजून कुणी फिरकलेलं नाही. पण चेअरमन कुणाला करायचं, यावरून तुमच्या पारावर दोन पॅनेल उभी राहिल्याचं कानावर आलंय, आणि एका पॅनेलात तुमचं नाव आहे म्हणतात.