फतूहचं लग्नाचं गाणं

फतूहच्या घरी रेकॉर्डिंग चालू असताना गायक विसामने पुन्हा कानावरचे हेडफोन काढले. "उस्ताद, गाणं लग्नाचं, पण मयतीला आल्यासारखं वाटतंय. जातो मी."

लग्नातल्या वादकांसाठी प्रसिद्ध असलेल्या कैरोच्या मोहम्मद अली रस्त्यावरच्या माणसाने हे ऐकायचं! निम्मं आयुष्य फतूहने लग्नांत तिकडचा एकतोंडी तबला मांडीवर आडवा घेऊन वाजवला होता. त्याची थाप पडली की नवरदेवाची आजीसुद्धा काठी टाकून नाचायची. पुढे तो गाणी लिहू लागला, चाली लावू लागला, आता घरातच रेकॉर्डही काढत होता. तरी लोकांच्या तोंडी 'तबलावाला फतूह'च. म्हणून त्याने तबला कपाटावर टाकला होता, वाजवायला दुसऱ्यांना बोलवायचा. हे गाणं पडलं, तर तो खाली काढून पुन्हा लग्नं गाठावी लागणार होती.

"नवाल, एक जगरूता दे गं! याला जरा लग्नघर वाटू दे."

त्याच्या बायकोने चुलीपासूनच जीभ हलवत लग्नघरातल्या आनंदाची ललकारी, असा खणखणीत जगरूता दिला, की रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेली लेक समाह दचकली. पण या रस्त्यावर जगरूता ऐकून कोणी गप्प बसत नाही. खालून दुसरा आला, समोरच्या गच्चीतून तिसरा, आणि थोड्याच वेळात खालची शेजारीण उम्म इमाद साखरपुड्याचं गुलाबी सरबत घेऊन दारात. मागे अख्खी इमारत.

"समाहचं ठरलं आणि मला पत्ता नाही?" तिने विसामला न्याहाळलं. "हाच का? वाळकाच आहे. भरेल हळूहळू."

"मावशी, मी गायक आहे..."

"मग गा की! लाजतोस काय?"

दार बायकांनी अडवलेलं. विसाम गायला, आणि टाळ्यांच्या गजरात असा खुलला की बस्स. समाहने मशीन बंद केलंच नव्हतं; सगळं रेकॉर्ड झालं.

"म्हणजे लग्न नाहीच?" नंतर उम्म इमाद कडाडली. "माझं सरबत परत द्या!"

गाणं तुफान चाललं. चालावंच असं होतं. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. फतूह आता सगळ्यांचा 'उस्ताद' झाला.

पुढे समाहचं खरंच ठरलं. मुलाकडची मंडळी बसलेली, नवालने जगरूता दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. खालून उम्म इमाद ओरडली, "पुरे कर रे फतूह, तुझं रेकॉर्डिंग! या वेळी सरबत मिळायचं नाही!"

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. नवालच्या डोळ्यांत पाणी आलं. फतूह स्टुलावर चढला, कपाटावरचा तबला काढला, धूळ झटकली आणि जिन्यात जाऊन थाप मारली.

एकेक दार उघडलं. "अगं बायांनो, तबला!" उम्म इमाद किंचाळली. "रेकॉर्डिंगला हा हात लावत नाही त्याला. सरबताला साखर काढा, पोरीचं खरंच ठरलंय!"