विलायतीला जागा पाहिजे

कोंबडी या विषयावर मला कुणी काही शिकवू नये! पुण्याच्या सरकारी कुक्कुटशाळेत मी चांगला महिनाभर शिकून आलो आहे. कोंबडीला ताप आला तर तो कुठं हात लावून बघावा इथपासून कोंबडा रुसला तर त्याच्याशी काय बोलावं इथपर्यंत सगळं मला येतं. निघताना तिथल्या साहेबांनी मला वीस पांढरीशुभ्र विलायती पिल्लं दिली. ती चहाच्या खोक्यात घालून, खोकं एसटीत मांडीवर घेऊन मी गावी आलो, आणि एवढ्या विद्येच्या जोरावर थेट हैबतरावांच्या जयाला मागणी घातली.

हैबतराव म्हणजे आमचे पोलीस पाटील. मिशा अशा, की दोन मांजरं पाठीला पाठ लावून बसली आहेत! माणूस चोर असेल तर सापडावा आणि नसेल तर निदान घाबरावा, अशी त्यांची बघण्याची रीत. तसं त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत बघितलं.

"बहिरू, ईस पिल्लं हायेत न्हवं?"

"व्हय, पाटील."

"दसऱ्यापातूर ईसच्या ईस जगवून दाव. ज्याला कोंबडं सांभाळता येत न्हाई, त्याच्या हाती पोर कशी देऊ?"

"एकविसावं जगवून दावतो!" मी म्हणालो. हिशेबात ते बसत नव्हतं, पण उत्साहात होतो.

आता पिल्लांचा एक वाईट गुण सांगतो. ती वाढतात. पंधरवड्यापूर्वी खोक्यात चेंडूसारखी लोळणारी पिल्लं आता एकमेकांच्या डोक्यावर उभी राहून मला जाब विचारू लागली. गर्दी झाली की ती एकमेकांची शेपटी टोचतात, रक्त काढतात, आणि रक्त दिसलं की मग बाकीची सगळी भाऊबंदासारखी धावून येतात! साहेबांनी बजावलं होतं, पिल्लं वाढतील तशी जागा वाढवत न्या. म्हणून खुराडं भिकू सुताराला कधीच सांगितलं होतं. गेलो त्याच्याकडे.

"भिकू, खुराडं कुठवर आलं?"

"झालंच समज! ह्ये बग, दार झालंय." त्यानं खरोखर एक सुंदर दार दाखवलं. कडी होती, कोयंडा होता, वर मोरसुद्धा कोरला होता. "आता निस्तं त्याला खुराडं बसवायचं."

बाहेर ठेवावीत तर भादव्याचा पाऊस, अंगणात बेडूक पोहत होते. मग मी पिल्लं माजघरात सोडली. दुसऱ्या दिवशी एक उतरंडीवर, दोन आईच्या अंथरुणात आणि एक परातीतल्या पिठात. आई, म्हणजे साळूबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यातलं एक जरी मेलं तर पाटील पोर द्यायचा न्हाई. आन एक बी मेलं न्हाई तर मी जगायची न्हाई! कुटं तरी जागा बग. पर कुजबुज झाली न्हाई पायजे. पाटलाला कळलं की खुराडं बी धड न्हाई, तर सोयरीक ग्येली!"

आईचा सल्ला मी तंतोतंत पाळला. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला!

नथूअण्णांची पिठाची गिरणी. मागं कोरडी, उबदार खोली. मी आजूबाजूला बघितलं, अण्णांच्या कानाला लागलो.

"अण्णा, मागल्या खोलीत जरा जागा मिळंल का? घरात विलायती हाय. ठेवायला जागा पुरंना."

अण्णांच्या तोंडातली तंबाखू जागच्या जागी थांबली. त्यांनी गिरणीचा पट्टाच उतरवला.

"विलायती? कुटनं आनलीस?"

"पुण्यासनं. सरकारी हाय. खुद सायबानं दिली."

"सायेब बी ह्यात हाय?" अण्णा भक्तिभावानं म्हणाले. "माल कसा हाय?"

"कडक! फकस्त झाकून ठेवावी लागती. उघडी ऱ्हायली की उडती."

"ती उडनारच! आमाला का ठावं न्हाई? आन पाटील?"

"त्यांच्या कानावर तर अजाबात जाया नगं!"

"गळ्याची आन," अण्णांनी गळ्याला चिमटा घेतला. "किती हाय?"

"ईस नग. पर तुमच्याकडं चारच ठेवीन म्हनतो."

"चार?" अण्णा हिरमुसले. "बरं, चार तर चार. थोडी हिकडं तिकडं कमी झाली तर रागावू नगंस."

एक गोष्ट सांगायची राहिली. ते दारूबंदीचे दिवस होते. हातभट्टीचं पाणीसुद्धा रात्रीच्या आडोशानं मिळायचं आणि 'विलायती' हा शब्द ऐकला की भल्या भल्या माणसांचे डोळे पाणावत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी कुक्कुटशाळेतून आलेलो, माझ्या डोक्यात चोवीस तास पिसं!

त्या संध्याकाळी गोणपाट बांधलेलं डालगं मी नथूअण्णांच्या खोलीत ठेवून आलो. अण्णांनी पितळी पेला धुऊन तयार ठेवला होता. पिल्लांना पाणी पाजायची माणसाला किती काळजी, असं मनात म्हणत मी घरी आलो. सकाळी बघतो तर अण्णा पायरीवर बसलेले. चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा.

"बहिरू, तू विलायती म्हनालास."

"व्हय. लेगहॉर्न. का? तुमाला दुसरं काय वाटलं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. गिरणीत दळणाला आलेल्या बायका कान टवकारून उभ्या होत्या.

"कोंबडीच वाटली!" ते ओरडले. "दुसरं काय वाटंल मानसाला?"

आणि त्यानंतर चमत्कार झाला. एकट्यानं फसायचं म्हणजे माणसाला फार एकटं वाटतं. दुपारी नथूअण्णा स्वतः कोंडाजीकडे गेले आणि त्याच्या कानात सांगून आले, की बहिरूकडं एक नंबर विलायती हाय, मी कालच चार ठेवून घेतलीत. कोंडाजी पलटणीत होता, त्याला विलायतीची जुनी ओळख. तो धावत माझ्याकडे आला, झाकलेलं डालगं छातीशी धरून घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. मग त्यानं आणखी कुणाच्या तरी कानात सांगितलं. रोज एक डालगं जात होतं आणि रोज पायरीवर एक गंभीर माणूस वाढत होता. मी जवळून गेलो की सगळे एकदम गप्प होत आणि माझ्याकडे अशा संशयानं बघत, की मी वाटेत टोपी नीट आहे का ते चाचपून बघी. पण पिल्लांना ऐसपैस जागा मिळाली होती! गावाला कोंबड्यांचा एवढा लळा असेल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटची चार घरी उरली, आणि पाटलांचं बोलावणं आलं. जागेची भानगड कळली!

हैबतरावांनी दार लावून घेतलं.

"बहिरू, तुझ्याकडं विलायती हाय म्हनं."

"पाटील, कुनी सांगितलं?"

"पोलीस पाटलाला सांगावं लागतंय व्हय? वास येतो!"

"वास येतो खरा," मी कबूल केलं. "म्हनून रोज राख टाकतो."

"राख?" मिशीतली दोन्ही मांजरं जागी झाली. "राखंनं वास मरतो?"

"पार मरतो. सायबानं शिकवलंय."

पाटलांनी ते मनात नीट ठेवून दिलं. मग जवळ सरकले. "सांच्याला पौडासनं साडू यायचंत. चार घेऊन ये. झाकून. जप्त केली असं समज."

दिवेलागणीला मी डालगं घेऊन पोचलो. ओसरीवर पाटील आणि त्यांचे साडू मांडी घालून तयार. मधे फुटाणे, कापलेला कांदा आणि तीन पेले. पाटलांनी कंदिलाची वात बारीक केली, हात चोळले आणि म्हणाले, "सोड!"

मी गोणपाट सोडलं. चार पांढऱ्या माना एकदम वर आल्या. एका पिल्लानं टुणकन उडी मारली, पेल्यात डोकावून बघितलं आणि त्यात काही नाही म्हणून साडूंच्या धोतरावर आपला निषेध नोंदवला.

"ही काय?" साडू म्हणाले.

"विलायती," मी अभिमानानं म्हणालो.

कांदासुद्धा सुकावा इतका वेळ पाटील माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कंदिलाची वात मोठी केली.

"मंग? कोंबडीच तर मागवली व्हती! दुसरं काय मागवनार? दारूबंदी हाय मुलखात! जया, आत घेऊन जा ह्यास्नी!"

जया आली, डालगं उचलून आत गेली. नंतरच्या गप्पा फारशा रंगल्या नाहीत. साडू पेल्याच्या तळाकडे बघत फुटाणे खात होते. पण जेवायची ताटं आली आणि सगळं विसरलं गेलं. काय तो रस्सा! मी दोनदा मागून घेतला. विद्वान माणसाला चार शब्द बोलल्याशिवाय जेवण पचत नाही.

"पाटील, काय बी म्हना, गावठी कोंबडीची चव विलायतीला यायची न्हाई!"

दाराआडून जयाचा आवाज आला. "तीच हायेत."

माझा घास तांबडा रस्सा गाळत हवेतच राहिला.

पाटलांनी शांतपणे हाड चोखलं. "तर बहिरू. ईसच्या ईस जगवायची ठरलं व्हतं. किती कमी पडली?"

मी माझ्या ताटात बघितलं. "चार."

"कशानं मेली?"

खरं सांगावं तर समोर साडू. खोटं सांगावं तर समोर पोलीस पाटील. "तिखटानं," मी म्हणालो.

साडूंना ठसका लागला. पाटलांनी त्यांना हात धुवायला पाठवलं आणि मला खांबाआड ओढलं. माझं लग्न मोडलं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"खरं सांग. नथूकडं बी अशीच झाकून ठेवलीस?"

"व्हय."

"कोंडाजीकडं?"

"त्याच्याकडं बी."

"कुनी बोंबललं?"

"न्हाई. समदी गप हायेत. मलाच नवल वाटतंय."

पाटलांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की रस्सा पुन्हा भेटायला आला!

"समद्या गावाच्या तोंडाला कुलूप लावलंस, आन माझ्या बी! कुनाला बोलायची सोय ठेवली न्हाईस. आन थोबाड बगा, जसं काय ह्याला कळतच न्हाई! लई बेरकी हाईस, बहिरू. मरू देत ती चार. पोर तुलाच दिली!"

तेव्हा कुठं मला प्रकार समजला. खरं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की पाटील, मला यातलं काहीही कळत नव्हतं. पण दारात जया उभी होती. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा बेरकी हसलो. नीट जमलं नसावं, कारण हात धुऊन आलेल्या साडूंनी माझं पोट दुखतंय का म्हणून विचारलं.

लग्न थाटात झालं. जावई महाबेरकी आहे, हा सासऱ्यांचा गैरसमज अजून शाबूत आहे. बायकोचा पहिल्याच आठवड्यात गेला!