रुपरावांच्या दारातला सडा

मारोतरावांनी बेसा भागातल्या आपल्या घराच्या फाटकाबाहेर, म्हणजे सरळ सांगायचं तर लेआउटच्या, अख्ख्या वसाहतीच्या सामाईक जागेवर, परवाच गुलाबी टाइल्स बसवल्या होत्या. आणि आता लेआउटवाल्यांनी सगळ्यांसाठी एक बोअर मारायचं ठरवलं होतं. जागा शोधायला भूजलवाल्या अश्लेषा मॅडम येणार होत्या.

"टाइल्सले धक्का लागला, तर चहा बाहेरच प्या जी," प्रेमलताबाईंनी नवऱ्याला बजावलं.

आदल्या दिवशी गल्लीत सळ्या ठोकून बघताना मॅडमनी सगळ्यांना समजावलं होतं, की जमिनीत लोखंडी सळ्या ठोकून वीज सोडायची. खाली पाणी असेल तिथून ती सहज जाते. मारोतरावांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. ओल असेल तिथे मशीनला पाणी दिसणार, मग ती ओल शेजारी रुपरावांच्या दारात असलेली काय वाईट? पहाटे उठून त्यांनी घरातला अख्खा ड्रम बादलीबादलीने गल्लीच्या टोकाला, रुपरावांच्या फाटकासमोर रिकामा केला. भर मे महिन्यात, नळाला दिवसाआड पाणी असताना, एवढं औदार्य लेआउटने पाहिलं नव्हतं.

सकाळी मॅडम आल्या आणि भर उन्हात रस्त्यावर मशीन मांडू लागल्या. मारोतरावांना आज सगळ्यांचाच कळवळा येत होता.

"मॅडम, उन्हात काहून बसता? आमच्या बदामाच्या सावलीत या. मांडा मशीन टाइल्सवर."

"बरं होईल काका." मॅडमनी मशीन टाइल्सवर ठेवलं आणि तिथून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सळ्या ठोकून घेतल्या. त्यातली एक बरोबर रुपरावांच्या फाटकासमोर आली आणि ओल्या मातीत सरसर आत गेली.

आकडे बघून मॅडम खूश झाल्या. "भरपूर पाणी आहे."

"नशीब काढलं गा रुपराव," मारोतराव म्हणाले. "बोअर तुह्या दारात."

"त्यांच्या नाही काका. सळ्या लांब ठोकतो, पण पाणी कळतं ते त्यांच्या मधोमध, खोलवरचं. म्हणजे इथलं, मशीनखालचं. तिकडची माती काल इतकी कोरडी होती की वीजच जाईना. आज ओल मिळाली म्हणून जमलं."

मारोतराव टाइल्सकडे बघत राहिले.

"भाऊनंच तर पहाटे सडा टाकला आमच्या दारात," रुपरावांच्या पत्नी रुखमाबाई कौतुकाने म्हणाल्या. "माहे गुडघे दुखून राहिले ना. मी खिडकीतून पाहिलं, मंग रांगोळी काढली."

"सडा?" प्रेमलताबाई फाटकातून बाहेर आल्या. "आपल्या दारात तर लग्नापासून तांब्याभर पाणी नाही टाकलं यायनं. अन् आपला ड्रम काहून रिकामा आहे जी?"

"शेजारधर्म," मारोतराव कसेबसे म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा देवमाणूस ठरणं परवडेल, असा त्यांचा हिशेब होता.

"शेजारधर्म एका दिवसाचा नसते," प्रेमलताबाई म्हणाल्या.

बोअरला झकास पाणी लागलं. टाइल्स गेल्या. चहा मात्र घरातच मिळतो, पण सडा झाल्यावर. मारोतराव रोज पहाटे बोअरवर बादली भरतात, आधी रुपरावांच्या दारात सडा टाकतात, मग आपल्या. रुखमाबाईंचे गुडघे केव्हाच बरे झाले आहेत. फक्त ते त्या अजून कोणाला सांगत नाहीत.