पत्त्यात पाणी

सोपानतात्या ई-मेलचा पत्ता आधी उजेडाकडे धरतात, मग नाकाजवळ नेतात आणि डोळे मिटून निकाल देतात, "ह्यात पाणी हाय."

हसू नका. तात्यांनी वडगाव निंबाळकरच्या दूध संकलन केंद्रावर आयुष्यभर दूध तपासलं. कॅनचं झाकण उघडलं की कुठल्या गोठ्यातलं ते वासावरून सांगायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघानं त्यांच्याकडे सभासदांच्या पत्त्यांची वही सोपवली. संघाचं वार्तापत्र दर महिन्याला ई-मेलनं जातं. मी सचिव. वार्तापत्र मी लिहितो, मी पाठवतो, आणि लोक मला फोन करून विचारतात, "तात्या बरे आहेत ना?"

माझं दुखणं इथूनच सुरू होतं.

वहीत प्रत्येक नावापुढे एक खूण. निळी म्हणजे पास, लाल म्हणजे पाणी. लाल पत्ता तपासायला तात्या मोटारसायकलवरून घरी जातात. ई-मेलचा पत्ता तपासायला, घरी! बारामती तालुका संपला की इंदापूर. तिकडून परतले की बारामती पुन्हा पहिल्यापासून.

"पत्ता म्हंजी दार असतंय, सेक्रेटरी. वाजवल्याबिगर आत कोण हाय ते कसं कळायचं?"

आणि त्यांनी वाजवलेलं प्रत्येक दार उघडतं, हे माझं खरं दुःख. कऱ्हाटीच्या शांताक्का त्यांच्यासाठी खरवस राखून ठेवतात. पणदऱ्याचे आमचे जुने मुख्याध्यापक कांबळे सर त्यांना अंगणातल्या खुर्चीवर दोन-दोन तास बसवून घेतात. मला सरांनी वर्गात कधी बसवलं नाही, बाकावर उभंच केलं. इंदापूरहून येताना तात्यांच्या हँडलला पेरूंची पिशवी लटकते. बैठकीत तात्या ते पेरू वाटतात आणि माझा अहवाल ऐकायच्या वेळी सगळ्यांची तोंडं भरलेली असतात.

माझा पत्ता तात्यांनी पहिल्याच दिवशी पास केला होता. मी घाईत होतो. फाटकाच्या गजांतून कागद दिला, त्यांनी निळी खूण केली आणि गाडीला किक मारली. खरवस खाणाऱ्या माणसाला माझे एकट्यापुरते केलेले पोहेसुद्धा हुंगावेसे वाटले नाहीत!

मग माझ्या जळफळाटाला एक साधन सापडलं. आमची बरीच वार्तापत्रं पोहोचत नव्हती, परत येत होती. पत्र न पाठवताच पत्ता चालू आहे की बंद, हे सांगणारी एक सोय इंटरनेटवर मिळते, आणि ती म्हणे संगणकातल्या एआय मदतनिसाला जोडता येते. मी बैठकीत उभा राहिलो, उपरणं नव्हतं तरी खांद्यावर सारखं केलं आणि घोषणा केली, "तात्या, आता पत्ते यंत्र तपासणार."

"घरी जाऊन?"

"घरी कशाला? बसल्या जागेवरून दार वाजवतं."

"आन आत बसतंय का?"

"नाही हो."

"च्या?"

सगळी बैठक हसली. तात्या हसले नाहीत. वही मांडीवरून टेबलावर ठेवत म्हणाले, "मंग हिचं आता काय काम?"

मी वही घरी आणली. खोटं कशाला बोलू, रस्ताभर शीळ घालत आणली.

रविवारी सकाळी सगळी यादी संगणकात उतरवून बसलो. त्या सोयीनं अक्षरं-आकड्यांची वीतभर लांबीची एक किल्ली दिली होती. ती मदतनिसाच्या रकान्यात चिकटवायची. पहिल्यांदा अर्धीच चिकटली आणि मदतनिसानं अदबीनं मला परत पाठवलं. दुसऱ्यांदा जोडणी झाली. मी साध्या मराठीत लिहिलं, "यादी तपास." गॅसवरचं दूध वर येईपर्यंत निकाल हजर!

बंद पडलेले पत्ते सगळेच्या सगळे निळ्या खुणेचे निघाले. आणि तात्यांच्या अडतीस लाल पत्त्यांत पाण्याचा थेंबही नव्हता. सगळे चालू, ठणठणीत.

सापडला! चांगल्या दुधात पाणी दाखवून माणूस वर्षानुवर्षं खरवस खात होता. बैठकीत नावं वाचून दाखवायची म्हणून मी लाल यादी मोठ्यानं म्हणू लागलो. शांताक्का, मुलगा आणि सून पुण्यात. कांबळे सर, पत्नी गेल्यापासून एकटेच. इंदापूरचे पेरूवाले भोंग आबा, दोन्ही मुली परदेशात. दहाव्या नावापर्यंत माझा आवाज उतरला. विसाव्या नावाला मी मनातच वाचायला लागलो. प्रत्येक घरात एकच माणूस.

अडतिसावं नाव होतं सोपानतात्यांचं. त्यापुढेही त्यांच्याच हातची लाल खूण.

मदतनिसानं विचारलं, "या अडतीस पत्त्यांची नोंद 'पास' अशी करू का?"

मी लिहिलं, "नको. हे माणसानं तपासायचे आहेत."

वही घेतली आणि थेट वडगाव गाठलं. तात्या ओट्यावर गाडीची साखळी पुसत बसले होते.

"काय सेक्रेटरी, हिकडं कुणीकडं?"

"पत्ता तपासायला आलोय. तुमच्यात पाणी आहे म्हणे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या वहीकडं पाहिलं आणि फडकं बाजूला टाकलं. "बसा. च्या टाकतो."

चहा फार गोड होता. दुसरा कप संपल्यावर मी, जमेल तेवढ्या बेफिकिरीनं, मनात सलत होतं ते विचारलं. "तात्या, माझ्या पत्त्यात कधीच पाणी दिसलं नाही का तुम्हाला?"

तात्यांनी रिकामी बशी उजेडाकडे धरली.

"दिसलं की. पैल्याच दिशी दिसलं. पर तुमी फाटक कुठं उघडलं?"