ग्लेनिसचे बूट आणि पोस्टासमोरचा मॅगपाय

"तू धावलीस ना, तर संत्री मी चिरेन. सगळीच्या सगळी!" व्हर्नाने भर जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, आणि ग्लेनिसने त्याच क्षणी बूट घ्यायचं ठरवलं.

व्हर्ना तिची नणंद. होर्शमच्या नेटबॉल क्लबात दर वर्षी बायकांची रिले असते. एके काळी तिथे ग्लेनिसला गाठणं कुणाच्या बापाला जमत नसे. पण डाव्या गुडघ्याने संप पुकारल्यापासून धावणाऱ्यांना वाटायच्या संत्र्यांच्या फोडी करणं तिच्या नशिबी आलं होतं. जो तो तिला "बसा, बसा" म्हणायचा. त्या 'बसा'चा तिला मनस्वी संताप यायचा. फिजिओने "हळूहळू धावा, फक्त पायाला सुख देणारे बूट घ्या" म्हटल्यावर तिला चेव आला.

व्हर्ना न बोलावता बुटांच्या दुकानात हजर झाली. सप्टेंबर होता, म्हणजे मॅगपायांच्या घरट्यांत पिल्लं होती आणि पिल्लांच्या काळजीने मागून झेपावून चोच मारणाऱ्या त्या पक्ष्यांचा गावातल्या प्रत्येक टाळक्यावर डोळा होता. दोघींनी आइस्क्रीमचे रिकामे डबे डोक्यावर उपडे घातले होते, मागे काळे डोळे रंगवलेले, म्हणजे पक्ष्याला वाटावं की आपल्याकडेच बघतायत. आत शिरल्यावर रीतीप्रमाणे ते काढून काउंटरवर ठेवले.

तासाभराच्या उलथापालथीनंतर दोन जोड उरले. पांढरेशुभ्र, गादीसारख्या तळव्यांचे बूट व्हर्नाच्या पसंतीचे.

"जाड तळवा म्हणजे गुडघ्याला आराम. एवढं साधं कळत नाही तुला?"

"आणि हे राखाडी?"

"ते घालून काय गटारं उपसणारेस?"

दुकानदार क्लाइव्ह वैतागला होता. "बाई, बसून बूट कळत नाही. एका पायात हा घाला, एका पायात तो, आणि बाहेर जरा धावून या."

"ही? धावणार?" व्हर्ना खदखदून हसली. "चल, पडलीस तर उचलायला येते."

डाव्या पायात राखाडी, उजव्यात पांढरा असा अवतार करून ग्लेनिस फुटपाथवर उतरली. डबे काउंटरवरच राहिले. पोस्टासमोरच्या निलगिरीवरून चोचीचा टकटक आवाज आला आणि काहीतरी काळंपांढरं तिच्या केसांतून सुसाट गेलं.

"अगं आई गं!" म्हणत ग्लेनिस जी सुटली ती सुटलीच. मागे सँडल फटफटवत व्हर्ना. तिच्या मागे दोन्ही डबे उंचावून क्लाइव्ह, "बाई, थांबा! बाई, थांबा!" करत. नवे बूट घातलेली बाई पुढे आणि दुकानदार मागे, एवढंच दिसल्यावर कोपऱ्यावरच्या खाटकाने जे समजायचं ते समजून घेतलं. दोन्ही हात पसरून तो वाटेत उभा राहिला.

"चोर! थांब म्हणतो ना!"

ग्लेनिसने डावीकडे जायची हूल दिली आणि उजवीकडून निसटली. नेटबॉलमधली तिची जुनी हूल होती ती. खाटकाच्या मिठीत व्हर्ना सापडली.

टाउन हॉलच्या छपराखाली ग्लेनिस थांबली. धाप लागली होती, केस विस्कटले होते. घाबरत घाबरत तिने गुडघ्याला हात लावला. डावा, तो नाठाळ डावा, गप्प होता. धडधाकट उजवा पाय मात्र पांढऱ्या बुटात ठणकत होता आणि टाचेला फोड आला होता. तिला हसू आवरेना, मग डोळ्यांत पाणीही आलं. आपण धावलो, खरंच धावलो!

लंगडत येणाऱ्या व्हर्नाला पाहून ती धापा टाकत पोचलेल्या क्लाइव्हला म्हणाली, "राखाडी द्या. दोन्ही पायांचे."

रिलेच्या दिवशी ग्लेनिस शेवटच्या टप्प्यात धावली. तिचा संघ दुसरा आला, पण टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. शर्यत संपल्यावर ती बाकाशी आली, तेव्हा व्हर्ना खुर्चीत बसून संत्री चिरत होती. त्या दिवशीच्या पळापळीत तिचा गुडघा टम्म सुजला होता.

"बसा, बसा," ग्लेनिस प्रेमाने म्हणाली आणि एक फोड उचलली. "जरा मोठ्या कर गं. धावणाऱ्यांना तहान लागते."

व्हर्नाने सुरी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "ते राखाडी बूट… मला मिळतील का गं?"

"मिळतील की," ग्लेनिस म्हणाली. "पण सप्टेंबर संपायच्या आत जाऊ. मॅगपाय मागे नसला तर बूट नीट कळत नाही."