मोजणी नाना आणि आमची बोडकी बाग

धुळ्याच्या आमच्या कॉलनीतले नाना कुणाकडेही गेले, की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी दाराची उंची मोजतात. भूमापनाच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, त्यांची टेप झाली नाही. माझ्या सोफ्याची लांबी मला ठाऊक नाही, नानांना पाठ आहे. वाद घालावा तर एकच उत्तर, "मी मोजेल शे." नानांनी मोजलंय म्हटल्यावर पुढे बोलायची सोय उरत नाही.

कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा. आधी तिथे काटेरी बाभळी होत्या, मग थंडीत भरीत पार्ट्या होऊ लागल्या, मग एक घसरगुंडी आली आणि गंजून गेली. शेवटी रीतसर बाग करायचं ठरलं. कॉलनीतल्याच एका आर्किटेक्ट पोरीनं झकास नकाशा काढला: छोटी टेकडी, उंच मेंदी, वळणं घेत जाणारी पायवाट.

नकाशा उघडला तो भरिताच्या पंगतीत. नानांनी पहिल्या घासाला टेकडी उडवली, दुसऱ्याला मेंदी गुडघ्यावर आणली. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी मैदानात, नकाशातल्या बाकाच्या जागी, खुर्ची मांडली आणि आम्हा पाच-सहा जणांना काठ्या देऊन नकाशातल्या पायवाटेनं फिरायला लावलं. निवृत्त हेडमास्तर पाण्याच्या टाकीमागे दिसेनासे झाले, म्हणून टाकीची जागा बदलली. बागेला थोडा आडोसा हवा, असं पोरगी काकुळतीनं सांगत राहिली.

"आडोसा नको," नाना म्हणाले. "बठ्ठा रस्ता या बाकवरतून दिसाले पाहिजे."

अख्खा रस्ता नजरेत हवा म्हणजे नानांना जोडप्यांचं वावडं आहे, असा आम्ही तर्क बांधला. मी तर तसं भर बैठकीत बोललो आणि टाळ्याही घेतल्या. नाना टेपची पट्टी आत-बाहेर करत बसले होते. पायवाट अखेर बशीच्या काठासारखी गोल झाली. मला ती बाग आजही बोडकी वाटते.

बाग सुरू झाल्यावर एका सकाळी मी बाकावर नानांशेजारी टेकलो. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, एकट्याच फेऱ्या मारत होत्या. वर्षभर त्या घराबाहेर दिसल्या नव्हत्या. गुडघे धरले असतील, असं आम्ही समजत होतो. नाना बोलत माझ्याशी होते, नजर मात्र अक्कांवरून हलत नव्हती.

अक्का बाकापाशी येऊन थांबल्या आणि स्वतःच्या नवऱ्याला विचारू लागल्या, "भाऊ, मन्हं घर कोठे शे?"

नाना परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "समोरच शे, अक्का. आखो एक चक्कर मारी या, मग संगे जाऊत."

अक्का मान डोलावून निघाल्या. बैठकीतल्या त्या टाळ्या आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर नानांनी हातानंच मला गप्प केलं. अक्का पलीकडच्या फाटकाजवळ पोहोचल्या होत्या, आणि फाटक उघडं होतं.