चष्म्याच्या डबीतले शेरे

जावयाने घरातला सगळा सिनेमा चष्म्याच्या डबीत बसवला, इथपर्यंत कोणाचीच काही तक्रार नव्हती.

जावयाचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" वीस वर्षांत दुकानात त्याच्या तोंडून याच्यापलीकडे वाक्य गेलेलं नव्हतं, त्यामुळे पोटात बोलायचं बरंच साठलेलं होतं. अशात एका गिऱ्हाइकाने त्याला पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर दाखवला. हा टीव्हीला जोडायचा, त्यात एक नखाएवढं कार्ड घालायचं, की घरातले सगळे व्हिडिओ रिमोटच्या बटणावर हजर. जावयाने लगेच दोन मागवले. एक आपल्या घरी, आणि एक दोन गल्ल्या पलीकडे सासऱ्यांकडे.

यंत्राला पेटी हवी. विकतची त्याला पसंत पडेना. मग दुकानातली सगळ्यात दणकट चष्म्याची डबी निवडली आणि हवा खेळावी म्हणून तापल्या सळईने तिला भोकं पाडायला बसला.

"कसला जळका वास येतोय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"डबीचा. आता होईल बंद."

"आणि सळई कुठून आणलीस?"

"तुझ्या विणकामाच्या पिशवीत होती."

"आईची सुई आहे ती! परवा विसरून गेलीय. ती जोडीने विणते अरे, एका सुईने काय कान कोरायचे तिने?"

जावयाने सुई पाण्यात बुचकळली. ती वाकडी होऊन वर आली. त्याने ती गुपचूप खणात टाकली आणि पुढच्या कामाला लागला.

पुढचं काम म्हणजे घरातल्या एक्केचाळीस जुन्या टेपा. लग्नं, वाढदिवस, सहली. जावयाने त्या सगळ्या कार्डावर उतरवल्या, आणि कपाट रिकामं व्हावं म्हणून बायकोने त्याच दुपारी टेपा भंगारात घातल्या. त्यातला मुकुटमणी होता एकोणचाळिसावा नंबर: सासऱ्यांचा निरोपसमारंभ.

सासरे एका मोठ्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. घरातही सगळे त्यांना साहेबच म्हणत. सासूबाईसुद्धा म्हणत, फक्त त्यांच्या तोंडी तो शब्द जरा वेगळा वाजे. साहेबांची ख्याती शेऱ्यांबद्दल. दर वर्षी हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहायचे आणि शेवटच्या रकान्यात एक शेरा मारायचा, तो असा की माणूस मुळापासून हलावा. एका कारकुनाला त्यांनी 'संथ' असा शेरा दिला, तर त्या दिवसापासून त्याच्या डोक्यावरचा पंखासुद्धा हळू फिरायला लागला. दोन मिस्त्री येऊन गेले, दोष सापडला नाही. पुढच्या वर्षी साहेबांनी 'सुधारणा आहे' असं लिहिलं आणि पंखा असा सुटला की टेबलावरच्या फायली शेजारच्या खात्यात जाऊन पडल्या. तिथे त्या अजून सापडतात म्हणे.

अशा माणसाने जावयाला बारा वर्षांत एकच शेरा दिला होता. स्थळ पाहिलं: "ठीक." लग्न झालं: "ठीक." दुकान मोठं केलं तेव्हा "ठीक आहे" असे दोन शब्द निघाले होते, तर जावयाने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता. येत्या रविवारी साहेबांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. सगळे नातेवाईक जमतील, सतरा वर्षांनी तो समारंभ पडद्यावर दिसेल, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणतील, "छान." एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता त्या यंत्राला एक खोड होती. कार्डावर व्हिडिओ टाकला की ते आपणहून कुठून तरी त्याचं पोस्टर आणि कथासार शोधून आणायचं. सिनेमांचं ठीक, पण घरच्या टेपांना ते मिळेल ते चिकटवू लागलं. मेहुण्याच्या लग्नाला तुरुंग फोडणाऱ्या कैद्याचं पोस्टर लागलं. साहेबांच्या निरोपसमारंभावर जबडा वासलेली मगर आली, आणि खाली मजकूर: 'पाणी शांत आहे. पण तो भुकेला आहे.'

बायको हसून हसून सोफ्यावरून खाली आली. "मगरीचं राहू दे रे! अगदी हुबेहूब आहे."

"भलतंच काय. मी स्वतः लिहितो," म्हणत जावयाने वर्णनाचा रकाना उघडला. आत प्रकार लिहायला जागा होती, तारे द्यायला जागा होती, आणि वर्णनाला तर अंतच नव्हता. वीस वर्षांचं साठलेलं त्या रकान्याच्या तोंडाशी आलं आणि बांध फुटला.

मेहुण्याच्या लग्नाला त्याने लिहिलं: 'थरारपट. नवरदेव अजूनही पळून जाईल, ही आशा शेवटपर्यंत टिकते.' डोंगरावरच्या सहलीला: 'आठ जण डोंगर पाहायला जातात. सात जण डोंगराकडे पाठ करून उभे राहतात. आठवा कॅमेरा बंद करायला विसरतो. पुढची चाळीस मिनिटं त्याचा बूट.' आणि निरोपसमारंभाला: 'भयपट. एका सभागृहात तीनशे माणसं अडकली आहेत. बाहेर जायचं दार एकच, आणि त्या दाराशी भाषण चालू आहे. एक तास बावीस मिनिटं. वाचलेल्यांपैकी कोणीही पुढे याबद्दल बोललं नाही. एक तारा, तोही सभागृहातल्या पंख्याला.'

बुधवारी त्याने सासऱ्यांकडे दुसरी डबी जोडली. चालू यंत्राचा प्लग कधीही ओढू नये, हे कागदावर लाल शाईने लिहून भिंतीला चिकटवलं. साहेबांनी कागद वाचला, डबी पाहिली आणि म्हणाले, "ठीक."

गुरुवारी सकाळी बायको फोन ठेवून आली. "बाबा कालपासून टीव्हीसमोरून हललेले नाहीत."

जावयाची छाती फुगली. "काय बघतायत?"

"बघत नाहीयेत. आई म्हणते, वाचतायत."

"टीव्ही वाचतायत?"

बायकोची नजर टीव्हीखालच्या डबीकडे गेली.

"अरे," बायको हळूच म्हणाली, "तिथलं कार्ड तू कसं केलंस?"

"आपल्यावरून कॉपी केलं."

"आख्खं?"

"आख्खं."

"म्हणजे भयपटासकट."

जावई तडक आपल्या डबीकडे धावला. सगळी वर्णनं एकदम कशी पुसायची, ते इथे करून बघू आणि मग तिथे जाऊ, असा त्याचा बेत. त्याने चार बटणं एकदम दाबली, पडदा गोठला, आणि गडबडीत त्याने जे लाल शाईने नको म्हणून लिहिलं होतं नेमकं तेच केलं. प्लग ओढला. पुन्हा लावल्यावर डबीच्या भोकातून एक तांबडा दिवा तेवढा त्याच्याकडे बघत राहिला. कार्ड कायमचं गेलं होतं. टेपा भंगारात, कार्ड गतप्राण, आणि घराण्याचा एक्केचाळीस टेपांचा इतिहास आता साहेबांच्या खुर्चीसमोरच्या त्या एका डबीत.

तो तसाच सासऱ्यांकडे गेला. सासूबाई कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, समोर अर्धा स्वेटर आणि एक सुई. साहेबांच्या हातात रिमोट होता.

"काय काम काढलंत जावईबापू?"

"यंत्राची जरा साफसफाई करावी म्हटलं."

"साफ आहे. हिने सकाळीच पुसलं. ओल्या फडक्याने."

जावयाने घाईने डबीला हात लावून पाहिला, ती अजून ओलसर होती. पण पडदा चालू होता, आणि पडद्यावर सहल होती. बाराव्या नंबरची. साहेब बोट हवेत धरून एकेक ओळ वाचत होते. जावयाला जरा धीर आला. साहेबांनी छत्तीस वर्षांत एकही फाईल क्रम सोडून उघडलेली नव्हती. या गतीने एकोणचाळीस यायला रविवार उजाडणार. फक्त रविवारी नेमका वाढदिवस होता.

"रिमोट देता का जरा?"

"वाचून झालं की."

रिमोट मिळेना, प्लग ओढायची सोय नाही. उरलं काय? माणूस अडचणीत सापडला की आपल्या धंद्याकडेच धावतो. जावयाने पिशवीतून ती जड गोल फ्रेम काढली. "साहेब, तुम्ही डोळे चोळताय."

"नाही."

"आत्ताच चोळलेत. बघू."

त्याने फ्रेम चढवली आणि त्यात अशी दोन भिंगं घातली, की समोर हत्ती उभा केला असता तर तो ढग वाटला असता. "हे स्पष्ट, की हे?"

"दोन्ही धूसर."

"अरेरे! नंबर वाढलाय. चष्मा माझ्याकडे द्या. नव्या काचा घालून सोमवारी आणतो."

"रविवारी कार्यक्रम आहे."

"घाईत काच बसवली तर नजरेला अपाय होतो, साहेब."

धंद्यातलं हे त्याचं पहिलं खोटं. साहेबांनी चष्मा त्याच्या हातात दिला, त्याच्या दिशेने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ठीक."

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "पंचाहत्तरीच्या माणसाचा चष्मा काढून आणलास? शोभतं का रे हे तुला?"

"रविवारपुरतं. तू काही बोलू नकोस तिकडे."

"मी कशाला बोलू? उद्या जाऊन बसते त्यांच्याजवळ. कोणीतरी नको का सोबतीला?"

रविवारी संध्याकाळी साहेबांच्या बैठकीत तीस-पस्तीस माणसं दाटीने बसली होती. केक कापून झाला. साहेब दाराला लागून खुर्ची टाकून, डोळे बारीक करून बसले होते. जावयाचा बेत साधा होता: रिमोट घ्यायचा, एकोणचाळीस लावायचा, वर्णन दिसायच्या आत सुरू करायचा. पण रिमोट साहेबांच्याच मुठीत होता आणि बटण त्यांनीच दाबलं. पडद्यावर वर्णनाचा रकाना उघडला.

"मला तर काही दिसत नाही," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चष्मा जावईबापूंकडे आहे. तेव्हा वाचायचं कामही जावईबापूंचंच."

"कशाला साहेब, सरळ समारंभच..."

"वाचा."

जावई टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला. जमेल तेवढा हात पसरून पडदा झाकावा म्हटलं, पण तो टीव्हीही त्यानेच घ्यायला लावलेला. हातात मावणारा नव्हता. मान वळवून पाहिलं तर पहिलाच शब्द दिसला, 'भयपट'. त्याने डोळे मिटून घेतले.

"प्रकार," तो म्हणाला, "प्रकार, प्रेरणादायी."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याची... अं... तेजस्वी कारकीर्द."

आता मेहुणा खुर्चीला धरून हलत होता.

"पाच तारे!" जावई घायकुतीला येऊन ओरडला, आणि सगळी बैठक अशी खदखदली की केकवरच्या मेणबत्त्या आडव्या झाल्या. जावई वळला. त्याच्या मजकुराखाली आणखी मजकूर होता.

'शेरा. एक: वरील वर्णन वाचले. भाषण एक तास बावीस मिनिटांचे नसून एक तास एकतीस मिनिटांचे होते. नोंद दुरुस्त करावी. दोन: लेखकाने माझा चष्मा नेला आहे. नंबर वाढलेला नाही. तीन: हे वर्णन मोठ्याने वाचण्यास सांगितल्यास लेखक "प्रेरणादायी" हा शब्द वापरील असा अंदाज आहे. उपस्थितांनी खात्री करून घ्यावी.'

साहेबांनी शांतपणे खिशातून एक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "जुनी जोडी. तुमच्याच दुकानातली. गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, साहेब, तुमचा नंबर बदलत नाही."

"म्हणजे क्रमाने...?"

"माझी फाईल मी पहिल्याच दिवशी वाचली. आपल्या फाईलीला कोणी क्रम लावतं का?"

"आणि हे सगळं रिमोटवरून लिहिलंत?"

"एकेक अक्षर. दोन दिवस लागले. लेकीने शिकवलं."

बायको छताकडे निरखून बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"साहेब, चुकलं माझं," जावई पुटपुटला. बारा वर्षांचं 'ठीक'सुद्धा आता परत घेतलं जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"शेरा पूर्ण वाचावा. खालचं बटण दाबा." साहेबांनी प्रथमच रिमोट त्याच्या हातात दिला.

जावयाने बटण दाबलं. मजकूर वर सरकला.

'चार: छत्तीस वर्षे मी लोकांबद्दल खरे लिहिले. माझ्याबद्दल मात्र सगळ्यांनी प्रेरणादायी असेच लिहिले. खरे लिहिणारा आजच भेटला. लेखन: छान. वर्तणूक: ठीक.'

बैठकीत टाळ्या झाल्या. जावयाने 'छान' तीनदा वाचलं. कॅलेंडर घरी होतं म्हणून, नाहीतर तिथेच गोल केला असता. मग समारंभ सुरू झाला. भाषण खरोखरच एक तास एकतीस मिनिटांचं निघालं, आणि एकही माणूस जागचा उठला नाही, कारण साहेब दाराशी बसले होते.

दुसऱ्या आठवड्यात जावयाने नवं कार्ड करून घेतलं. या वेळी दोन्ही घरच्या डब्या अशा जोडल्या, की इकडे लिहिलेलं तिकडे दिसावं. बेचाळीस नंबरला वाढदिवसाचा व्हिडिओ चढवला. खाली त्याने सव्वा पान वर्णन लिहिलं. दुपारपर्यंत त्याखाली साहेबांचा दीड पानी शेरा आला, त्यावर जावयाने खुलासा दिला, खुलाशावर साहेबांनी हरकत घेतली. दोघंही चार दिवस कमालीचे खुशीत होते.

पाचव्या दिवशी सकाळी त्या सगळ्याच्या खाली तिसऱ्याच कोणाच्या चार ओळी होत्या. सही नव्हती.

'दोघांचे वाचले.
कार्यक्रम आवाज बंद करून पाहिला. फार छान होता.
स्वेटर साहेबांचा आहे, थंडी जावयामुळे वाजेल.
माझी सुई आणून द्यावी.'